डोहाळजेवणाला इकत साडी चालते का? (इरकल, खण, पोचमपल्ली : अनुभव सांगा)

मलप्रभा
नमस्कार मंडळी,
आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकट्यानं हैदराबादची मुलगी केली, तेलुगू. आल्याआल्या मराठी अशी उचलली की आता शेजारपाजारची गाऱ्हाणी मला तीच येऊन सांगते. सातवा लागलाय. डोहाळजेवण आमच्याकडे आहे, पुढच्या पंधरवड्यात.

विहीणबाई येताना हैदराबादजवळच्या पोचमपल्लीची रेशमी इकत आणणार आहेत. त्यांच्या आईची साडी आहे, लेकीच्या लेकीसाठी म्हणून जपून ठेवलेली. फोटो पाठवला. अंग हिरवं, काठपदर लाल आणि लालात मधून मधून काळं. मला तरी आवडली.

सासूबाईंनी (वय ऐंशीच्या पुढे, नजर पक्की) फोटो मोठा करून बघितला आणि मोबाईल पालथा ठेवला. "हिचा रंग फिसकटलाय. धुण्यात गेलेलं लुगडं पोटुशी पोरीला नेसवतात होय? हिरवं इरकल नेसवायचं आणि ओटीत गुळेदगुड्डचा खण घालायचा. आणि ते काळं तर मला बघायलाच नको."

तर विचारायचं असं की, असल्या कार्याला इकत चालते का? तुमच्या घरी कुठल्या कार्याला कुठलं कापड लागतं? आणि विहीणबाईंना वाईट न वाटता, सासूबाईंचा मान राहून हे कसं जमवायचं?

निपाणीचा_बिनतंबाखू
ऐंशीच्या सासूबाई, सातव्या महिन्यातली सून आणि लांबून येणाऱ्या विहीणबाई. साडी कुठलीही नेसवा, मधल्यामध्ये तुम्ही काही वाचत नाही. (दिवे घ्या)

खडेबाजार_काकू
मलप्रभाताई, अभिनंदन आधी. आता माझं ऐका. आपल्याकडं डोहाळजेवणात साडी हिरवी असावी हे खरं, पण सक्ती असलीच तर ती खणाची. साडी लोक आपापल्या ऐपतीनं नेसवतात. खणाशिवाय मात्र ओटी भरलेली मी तरी बघितली नाही. त्रिकोणी घडीचा खण, त्यावर नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. आमच्या आईकडं खण नुसता ओटीत घालून भागायचं नाही, त्याची चोळी शिवून पाचवीच्या आधी बाळंतिणीच्या अंगात जायला पाहिजे असा दंडक होता. आता शिंपीच मिळत नाही, खण तसेच कपाटात साठतात. माझ्याकडं एक बॅग भरून आहेत. कुणाला हवेत?

कार्याचं म्हणाल तर आमच्यात असं आहे. संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा. सौंदत्तीच्या यल्लम्माला खण-नारळ, जमलं तर हिरवं लुगडं. लग्नात मुलीच्या आजीला मानाचं इरकल. (आजी नसली तर चुलत आजीला शोधून काढतात, पण ते इरकल कुणाच्या तरी अंगावर घालतातच.) आणि सवाष्ण गेली तर माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. ते लुगडं भारी आहे की साधं हे तेव्हा कुणी बघत नाही, माहेराहून आलं का एवढंच विचारतात.

म्हणून मी म्हणते, तुमच्या सुनेच्या माहेरची साडी आहे, तिच्या आजीची आहे. ह्याच्यावर आणखी कुठला मान पाहिजे?

हुक्केरीची_सून
काकूंचं बाकी पटलं, शेवटचं नाही. माहेरची साडी माहेरच्यांनी घरी नेसवावी. कार्य आपल्या दारात आहे तर नेसवणं आपलं. आणि इरकल काय नुसता हट्ट नाही. आमच्या भागातलं लुगडं आहे, इथल्या पोरीबाळींनी नाही नेसलं तर कोण नेसणार? आजकाल जो उठतो तो इकत इकत करतो. कुर्ता इकतचा, पिशवी इकतची, सोफ्याची उशी इकतची.

वडगावचा_माग
आमचं घर वडगावात. आजोबांच्या वेळी घरात खड्डामाग होता (हातमागच, पाय खड्ड्यात सोडून बसायचा), वडलांच्या वेळेपासून पावरलूम. हा धागा वाचून राहवेना म्हणून लिहितोय.

मलप्रभाताई, तुमच्या सासूबाईंची नजर खरंच पक्की आहे. त्यांना जे फिसकटलेलं दिसतंय ते आहेच. फक्त ते धुण्यात झालेलं नाही, विणायच्या आधीपासून सुतात आहे.

इकतीत नक्षी मागावर काढत नाहीत. ती सुतावर आधीच रंगवलेली असते. ताण्याचं (उभं) किंवा बाण्याचं (आडवं) सूत चौकटीवर मोजून ताणायचं, जिथं रंग नको तिथं करकचून बांधायचं. पोचमपल्लीकडं सायकलच्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या कापून बांधतात. मग रंगात बुडवायचं, वाळवायचं, काही गाठी सोडायच्या, दुसरीकडं बांधायच्या, पुन्हा दुसऱ्या रंगात. जेवढे रंग तेवढ्या फेऱ्या. एवढं झाल्यावर ते सूत मागावर येतं. तेव्हा त्याच्याकडं बघून कुणाला नक्षी दिसणार नाही, नुसते रंगाचे ठिपके दिसतात. विणकर एकेक बाणा टाकतो, ठिपका ठिपक्याखाली येतो का बघतो, कडेला ओढून सरकवतो. कितीही सरकवलं तरी सुताच्या जाडीएवढा फरक राहतोच. बांधलेल्या जागी कडेनं रंग थोडा आत शिरलेला असतो तो वेगळाच. ह्या दोन्हींमुळं नक्षीची कड धारदार येत नाही. कड एकदम सुरीनं कापल्यासारखी दिसली तर उलट संशय घ्यायचा.

ह्यात नुसत्या ताण्याची इकत असते, नुसत्या बाण्याची असते, आणि दोन्ही बांधून रंगवलेली असते. गुजरातेत पाटणला विणतात तो पटोला दोन्हींचा. तिथं ताण्यावरचा लाल ठिपका आणि बाण्यावरचा लाल ठिपका एकमेकांवर बसायला लागतात. माग एका बाजूला कललेला असतो आणि त्यावर दोघं बसतात. थोडं विणून झालं की ताण सैल करून सुईनं धागे जागेवर आणतात. एका साडीला सहा महिने सहज जातात. किंमत दीड-दोन लाखांच्या पुढं, उगीच नाही.

आता इरकल. हुक्केरीच्या वहिनी चिडतील, पण इरकलीचं कसब पण कमी नाही, फक्त ते डोळ्याला दिसत नाही. अंगाचा ताणा वेगळा (जुन्यात सुती), पदराचा वेगळा, रेशमी, लाल. दोन ताणे एकाला एक जोडायचे तर गाठ मारत नाहीत. अंगाच्या ताण्याची टोकं फासासारखी ठेवतात, पदराच्या ताण्याचे फास त्यांच्यातून ओवतात. म्हणून इरकलीचा ताणा एका लुगड्यापुरताच करायला लागतो. दहा साड्यांचा लांब ताणा गुंडाळून विणत बसायची सोय नाही. अस्सल इरकल घेताना अंग संपून पदर सुरू होतो ती जागा उलटी करून बोटानं चाचपा. फासांची बारीक रांग लागते.

मलप्रभा
हे सासूबाईंना वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं मोजून बांधलं तर मग नीट का येत नाही?" मी काय सांगणार?

वडगावचा_माग
@मलप्रभा आजींना मागावर बसवा. आठवडाभरात सगळी कारणं त्याच सांगतील.

सुरतेचा_बेळगावी
जन्म शहापूरचा, पोट सुरतेत. मूळ प्रश्नाला सरळ उत्तर देतो. इकत डोहाळजेवणाला चालते का? गुजरातेत नुसती चालत नाही, मानाची असते. इथल्या नागर ब्राह्मण आणि जैन घरांत सीमंताला, म्हणजे आपल्या डोहाळजेवणालाच, पटोला नेसवायची जुनी रीत आहे. ज्यांच्या घरी पटोला नाही ते नातेवाइकांकडून कार्यापुरता मागून आणतात. बोहरा लोकांची तर पटोल्यात स्वतःची नक्षी आहे, 'वोरा गाजी भात' म्हणतात (भात म्हणजे इथं नक्षी). हत्ती-बाई-फुलं असलेली 'नारीकुंजर', पिंपळपानासारखी 'पानभात', असे प्रकार. पटोल्याबद्दल इथं म्हणतात, "पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहि." फाटेल पण रंग जायचा नाही. रंग गेलाय म्हणणाऱ्या आजींना ही म्हण ऐकवा.

आणि एक. पाटणच्या साळव्यांची परंपरा अशी सांगते की सोळंकी राजा कुमारपालानं बाराव्या शतकात पटोला विणणारी सातशे कुटुंबं जालन्याहून पाटणला नेली. जालना म्हणजे आपलंच जालना.

निपाणीचा_बिनतंबाखू
म्हणजे पटोला पण आपलाच! आता पाटणसकट संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

अथणी_पॅसेंजर
आधी बेळगावचं बघा की गा. पाटणला मागाहून जाऊ.

प्रशासक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, वरच आहे. इथं कापडावरच बोला.

गोकाक_होळी (कन्नड घरचा, मराठी शाळेतला)
सुरतकर, हे वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडं पण मुद्दा तोच निघतो. आमच्यात ह्या कार्याला कुबसा म्हणतात. माहेरचे लोक हिरवी साडी, खण, हिरव्या बांगड्या आणि टोपलीभर गोडधोड घेऊन येतात. उडी भरतात (तुमची ओटी). साडी माहेरची, हे आमच्यात ठरलेलंच. म्हणजे हुक्केरीच्या वहिनींचा नियम नदी ओलांडली की उलटा होतो.

खणाबद्दल थोडं. गुळेदगुड्ड बागलकोट जिल्ह्यात, बदामीच्या जवळ. खणातली बारीक बुट्टी जादा ताण्यावर उठवतात, त्यामुळं ती उभ्या रांगेत येते. तेरू म्हणजे रथ, सूर्यनारायण, असे नमुने आहेत. तेरूचा खण देवीला, हे आमच्या आजीचं ठरलेलं. त्या सगळ्या विणकर गल्ल्यांची देवी बदामीची बनशंकरी. पौषात जत्रा असते तेव्हा माग बंद.

खडेबाजार_काकू
बनशंकरी आमचीही कुलदेवता! जत्रेतली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आठवली. काकांना तिथं केळीच्या पानावर जेवताना माकडानं...

निपाणीचा_बिनतंबाखू
काकू, पूर्ण करा, असं सोडू नका.

खडेबाजार_काकू
भाकरी नेली आणि वर दात दाखवले. दोघांनी एकमेकांना. असो.

रंगपेटी
हुक्केरीची_सून, तुमचा कळवळा खरा आहे, पण एक विचारते. गेल्या दिवाळीला तुम्ही घेतलेलं इरकल वडगावच्या दादांनी सांगितल्यासारखं उलटून चाचपलंत का? मी आत्ता कपाट उघडून माझ्या चार तपासल्या. एकीलाच फास लागले. बाकी तिघींचा ताणा अंगातून पदरात सरळ गेलाय, पावरलूमवरच्या आहेत, आणि एकीचं सूत तर जाळून बघितल्यावर प्लॅस्टिकसारखी गोळी झाली. दुकानदारानं सगळ्या 'ओरिजिनल इरकल' म्हणूनच दिल्या होत्या.

खणाचं तर बोलायलाच नको. खणाची साडी, खणाचा फ्रॉक, खणाची पर्स, कोविडात खणाचे मास्क. ह्यातलं बहुतेक यंत्रावरचं. विणकराला वाचवायचं म्हणून आपण जे घेतो त्यातलं विणकराकडं किती जातं, हे बघायला नको? हातानं बांधून, हातानं विणलेली विहीणबाईंची इकत आणि पॉलिस्टरचं 'इरकल' ह्यात मी डोळे मिटून पहिली घेईन.

हुक्केरीची_सून
@रंगपेटी टोचलं, पण म्हणून इरकल सोडून द्यायचं का? खोटं मिळतं म्हणून खरं शोधायचं, की दुसऱ्याच गावचं घ्यायचं? रामदुर्गात माझं आजोळ आहे. २०१९च्या ऑगस्टात मलप्रभा नदीचं पाणी घरात आलं तेव्हा मागाचा खड्डा म्हणजे आधी भरणारी जागा. सूत, ताणा, फणी सगळं चिखलात. पाणी ओसरल्यावर मामानं माग परत उभा केला नाही, पोराला हॉटेलात लावलं. पोचमपल्लीला नाव आहे, गिऱ्हाईक आहे. आमच्या मामाला ते असतं तर माग उभा राहिला असता. माझं भांडण इकतीशी नाही हो. आपल्या कार्यातनं सुद्धा आपलं कापड गेलं तर उरलं काय, एवढंच म्हणणं.

वडगावचा_माग
वहिनी, खरं आहे. आणि रंगपेटीचं पण खरं आहे. मी पावरलूमवाला आहे, मला दोन्हीकडनं शिव्या बसतात. १९८५चा कायदा आहे, काही प्रकारचं कापड फक्त हातमागावरच विणायचं असा. यादीत साडी आहे. तरी बाजारात काय चाललंय ते तुम्ही बघताच. आम्ही यंत्रावर का गेलो? हातमागावर एक इरकल निघायला जो वेळ लागायचा तेवढ्यात शेजारच्या यंत्रावर ढीग पडायचा, आणि दुकानदार दोन्हीला भाव एकच सांगायचा. वडलांनी माग मोडला तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नव्हते. पण कर्ज आजोबांनी फेडलं नसतं.

पोचमपल्लीचं सगळं सुखाचं आहे असं पण नाही. तिथं सूत बांधायच्या आधी ते अर्धगोल खुंट्यांच्या चौकटीवर ताणतात, त्याला आसू म्हणतात. एका साडीला हात हजारो वेळा पुढं-मागं न्यायला लागतो आणि हे काम घरातल्या बायका करायच्या. खांदे जायचे. तिकडच्या चिंतकिंदी मल्लेशम ह्यांनी आईचे हाल बघून त्याचं यंत्र केलं, लक्ष्मी आसू. त्यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली. विणणं हातानंच, पण आईचा खांदा वाचला. आमच्या इरकलीच्या फासांसाठी असं कुणी काही केलं असतं तर आजोबांचा माग आज पण चालला असता, असं मला वाटतं.

अथणी_पॅसेंजर
दादा, ह्या एका प्रतिसादासाठी धागा काढला ते बरं झालं.

चिकोडी_चौथा_वॉर्ड
पोचमपल्ली म्हटलं की मला विनोबाच आठवतात. १८ एप्रिल १९५१ला भूदान तिथूनच सुरू झालं. गावाचं नावच भूदान पोचमपल्ली आहे. गागोद्याच्या मराठी माणसानं ज्या गावात जमीन मागितली तिथली साडी मराठी घरात येतेय तर सासूबाईंनी सोयरीक म्हणून तरी घ्यावी.

निपाणीचा_बिनतंबाखू
विनोबांनी जमिनीचा सहावा हिस्सा मागितला होता. विहीणबाई अख्खी साडी देतायत.

रंगपेटी
खोट्या इकतीबद्दल पण लिहिते, कारण सध्या तिचा सुळसुळाट आहे. एका मोठ्या शहरातल्या दुकानात मला 'हँडलूम इकत' म्हणून छापील कापड दिलं. पावती पण तशीच. घरी येऊन उलटं केलं तर मागची बाजू फिक्की. इकतीत सूतच रंगलेलं असतं, त्यामुळं सुलट-उलट जवळजवळ सारखंच दिसतं. आणखी खात्री करायची तर कडेचा एक धागा ओढून काढायचा. बांधून रंगवलेल्या धाग्यावर रंग आरपार बसलेला असतो आणि एकाच धाग्यावर लाल, पांढरा, काळा असे टप्पे येतात. छापील धागा एका अंगानं रंगीत, दुसऱ्या अंगानं पांढुरका. परत करायला गेले तर म्हणाले, ताई, आता सगळीकडं असंच येतं.

मलप्रभाताई, तुमच्या विहीणबाईंच्या साडीला असलं काही करू नका म्हणजे झालं! आजीची साडी आहे, अस्सलच असणार.

खुर्दारोड_रिटर्न
रेल्वेत होतो, बदल्यांत ओडिशा बघून झाला. तिथं इकत म्हणजे बांध. संबळपुरीशिवाय लग्न नाही. पण मला नवल वाटलं ते नुआपाटण्याच्या खंडुआचं. बांधून रंगवलेल्या रेशमात गीतगोविंदाच्या ओळी, अक्षरं सुद्धा, विणतात आणि ते वस्त्र पुरीच्या जगन्नाथाला रात्रीच्या शृंगारात नेसवतात. जे कापड जगन्नाथाला चालतं ते खानापूरला चालू नये?

बाली_ते_बेळगाव
जहाजावर होतो, आता टिळकवाडीत बागकाम. इंडोनेशियात ह्याच्याही पुढची गंमत आहे. गुजरातेतून गेलेले पटोले तिथल्या राजघराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठेव म्हणून जपलेत. डच लोक मसाल्याच्या व्यापारात ते कापड देऊन सरदारांची मर्जी राखायचे. आणि बालीत तेंगानान नावाचं गाव आहे, तिथं ताणा-बाणा दोन्ही बांधून 'गेरिंगसिंग' विणतात. रोगराई, नजर ह्यांपासून हे वस्त्र राखतं अशी त्यांची श्रद्धा. लग्न, दात घासायचा विधी (हसू नका, मोठा संस्कार आहे तो, दातांची टोकं घासून सपाट करतात), सगळ्याला तेच. मी बघितलेला तुकडा तांबूस-काळा होता. म्हणजे काळं असूनही राखणदार. सासूबाईंच्या काळ्याला हे उत्तर होईल का?

खडेबाजार_काकू
बाली कशाला, आपली चंद्रकळा आहे की! काळं अशुभ तर नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळंच का नेसवतात? पण एक आहे, ते संक्रांतीपुरतं. डोहाळजेवणात काळं मी पण टाळलं असतं. माझ्या मनाचं सांगते, शास्त्राचं नाही.

गोकाक_होळी
काठातलं काळं आमच्यात धरत नाहीत. अंग काळं नको. इरकलीच्या कितीतरी काठांत काळा धागा असतो. आजींच्या स्वतःच्या लुगड्याचे काठ बघा म्हणावं.

सुरतेचा_बेळगावी
हैदराबादकडच्या विहीणबाई म्हणजे लाल-काळं-पांढरं ही तिकडची जुनी संगती असणार. तेलिया रुमाल त्याच रंगांत असतो. एरंडाच्या बोंडांची राख आणि तेल ह्यात सूत मुरवून रंगवायचे, वास महिनोन्‌महिने जात नाही. अरबस्तानात डोक्याला बांधायला जायचे, इकडं कोळी बांधायचे, आणि निजामाच्या घरातल्या बायका त्याचीच ओढणी घ्यायच्या. एकच कापड, कुठं डोक्याला, कुठं खांद्याला.

अथणी_पॅसेंजर
धागा फिरून आला हैदराबादला. आता कुणीतरी जेवणाचं बोला. डोहाळजेवण आहे, मांडे आहेत का नाही?

मलप्रभा
मांडे आहेत! बेळगावहून करणारीण येणार आहे, पालथ्या मातीच्या खापरावर. विहीणबाईंना व्हिडिओ दाखवला तर त्या म्हणाल्या, हे तर रुमाली रोटी आहे. सासूबाईंनी हे सुदैवानं ऐकलं नाही.

खडेबाजार_काकू
रुमाली रोटी!!! साडीचं सोडा, आता हे मिटवा आधी.

मलप्रभा
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, बरेचसे मोठ्यानं वाचून दाखवले. इथपर्यंत आलोय:

गोकाकच्या दादांचं ऐकून सासूबाईंचं ट्रंकेतलं लुगडं काढलं. काठात काळं निघालं. त्या जरा वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, "हे वेगळं, हे बारीक आहे." पण आवाज उतरला होता.

सुरतकरांची सीमंताची गोष्ट त्यांना सगळ्यात लागू पडली. "तिकडच्या जैन-ब्राह्मणांत ह्याच कार्याला नेसवतात?" असं दोनदा विचारून घेतलं. जगन्नाथाचं सांगितलं तर म्हणाल्या, देवाचं वेगळं, त्याला काय पोरं व्हायचीत?

सुनेनं स्वतःच तोड काढली. आईनं आणलेली इकत नेसून ती पाटावर बसणार. ओटी सासूबाई भरणार, ओटीत गुळेदगुड्डचा खण आणि हिरवं इरकल. ओटी झाली की इरकलीची घडी मोडायची आणि झोपाळ्यावर बसताना ती नेसायची. हुक्केरीच्या वहिनी, इरकल हातमागावरचंच घेणार, चाचपून. तुमच्या आजोळच्या बाजूला अजून कुणी विणत असेल तर कळवा, तिथूनच घेते.

काळ्यावर मात्र अजून एकमत नाही. सासूबाई भटजींना विचारणार आहेत.

निपाणीचा_बिनतंबाखू
भटजींना दक्षिणा आधी द्या, प्रश्न मागाहून विचारा.

हुक्केरीची_सून
@मलप्रभा हे झकास. रामदुर्गात मामाच्या गल्लीत अजून दोन-तीन घरी माग चालतात, मी फोन करून सांगते. पण पंधरवड्यात नवं विणून होणार नाही, तयार असेल त्यातलंच निवडायला लागेल. रंग हिरवा म्हणजे पोपटी की गर्द, ते आजींना आधी विचारून घ्या, नाहीतर पुन्हा इथं धागा काढाल.

मलप्रभा
गर्द. विचारलं. :)

आणखी एक मदत. विहीणबाईंची साडी कित्येक वर्षं घडीत आहे. घडीवर रेशीम चिरतं म्हणतात. नेसवायच्या आधी काय करू? इस्त्री?

वडगावचा_माग
घडीवर इस्त्री अजिबात नको. आल्याबरोबर घडी मोडून सावलीत सुती चादरीवर पसरून ठेवा, एक-दोन दिवस हवा लागू दे. ऊन नको. मग उलट्या बाजूनं, वर पातळ सुती कापड टाकून, मंद इस्त्री. पाणी शिंपडू नका, जुन्या रंगाचा भरवसा नाही. घडी जिथं विरलेली वाटेल ती जागा निऱ्यांत आत जाईल अशी नेसवा, पदरावर ताण येऊ देऊ नका. पिन लावायचीच तर धाग्यांच्या मधून, एकदाच.

खडेबाजार_काकू
आणि निऱ्या कंबरेला घट्ट खोचू नका, सातवा आहे पोरीचा. खण आणायला गणपत गल्लीत येणार असाल तर सकाळी या, दुकानातल्या दिव्यात हिरवा आणि मोरपंखी कळत नाही. मला फोन करा, मी येते. माझ्या बॅगेतले चार-पाच पण बघून जा.